उलटा बाजार

ते वाक्य आईचं नव्हतं.

सभागृहाच्या दारावर, स्टेजच्या मागच्या पडद्यावर आणि तिथं जमलेल्या शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या पाठीवरही ते छापलेलं होतं. 'नकार म्हणजे उशिरा आलेला होकार.' खाली आईचा फोटो आणि नाव, मनकर्णा तायडे. फोटो मीच पाठवला होता. किशोरदादाने मागितला, मी दिला. वाक्य मात्र त्याने मला विचारलं नव्हतं. आई असं बोलली असती तर मला आठवलं असतं. ती असल्या सुभाषितांची वही करणाऱ्या मुलींना म्हणायची, "हे पुसून टाक, अन् कोणाचं तरी खरं बोलणं लिहून आण."

आई हिवाळ्यात गेली. अकोल्याच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी किशोरदादा अमरावतीहून आला होता. आईचा हा जुना विद्यार्थी फोटोपुढे बसून लहान पोरासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. जाताना म्हणाला, "पौर्णिमा, मॅडमच्या नावानं काहीतरी करतो मी. तू फक्त हो म्हन." मी हो म्हटलं.

अमरावतीतल्या एका खासगी महाविद्यालयात तो उद्योजकता केंद्र चालवतो. उद्योजकता हा विषय वर्गात कसा शिकवायचा, हे शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांना शिकवतो. त्या केंद्राला आता आईचं नाव द्यायचं होतं आणि तिथल्या शिकवण्याला 'मनकर्णा पद्धत' म्हणायचं होतं. सभागृहाबाहेर भिंतीवर फलक लावलेला होता, त्यावर केशरी कापड. दोरी ओढून ते कापड मी बाजूला करायचं होतं. ती दोरी ओढणं म्हणजे माझी संमती.

मी पहिल्या रांगेत बसले आणि पडद्यावरचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आई मूर्तिजापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात व्यावसायिक शाखेला शिकवायची. पुस्तकात 'उद्योजकाचे गुण' म्हणून एक धडा होता. धाडस, चिकाटी, आत्मविश्वास. परीक्षेत तेच विचारत. आई तो धडा वर्षाच्या अगदी शेवटी, परीक्षेपुरता उरकायची. त्याआधी तिचा वर्ग बाजारात भरे. पोरं-पोरी घरी बनवलेलं काहीबाही घेऊन आठवडी बाजारात बसत. नातेवाइकाला विकायचं नाही, ओळखीच्याला विकायचं नाही. आणि ज्या माणसाने वस्तू हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि खाली ठेवली, त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा.

पुढच्या बाजाराला रिकाम्या हातांनी जायचं. तो माणूस शोधायचा आणि विचारायचं, मागच्या बाजारी तुम्ही घेतलं नाही, काहून?

त्यानंतर गप्प. तो जे सांगेल ते ऐकायचं. खुलासा नाही, वाद नाही, भाव कमी करणं नाही. तोंड उघडलं की नापास. मग वर्गात येऊन त्या माणसाचं वाक्य त्याच्याच बोलीत जसंच्या तसं म्हणायचं. कोणी ते पुस्तकी करून आणलं तर आई परत पाठवायची. पोरं याला उलटा बाजार म्हणायची.

रुख्मिणी नावाच्या मुलीने कापडी पिशव्या शिवल्या होत्या, सुंदर, आरसे लावलेल्या. एकही खपली नाही. ती उलट्या बाजाराला जाऊन आली आणि वर्गात म्हणाली, "बाई म्हणे, बंद तोकडा हाय. खांद्यावर बसत नाही. लेकरू कडेवर घेऊ का तुही पिशवी धरू?" आईने त्या वाक्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. पिशवीला काहीच दिले नव्हते.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. बाबा रेल्वेत, त्यांची पाळी असली की आई मला सोबत न्यायची. म्हणून किशोरदादाचा उलटा बाजार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आणि आता तोच बाजार तो स्टेजवरून सांगत होता.

"मी फिनाइल बनवायचो," तो माइकवर म्हणाला. स्टेजवर त्याची भाषा पार धुऊन निघालेली असते. "पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, नको. मी खचलो. मॅडम म्हणाल्या, किशोर, परत जा. मी परत गेलो. ती म्हणाली, नको. मी पुन्हा गेलो. आणि मित्रांनो, तिसऱ्या वेळी त्या बाईनं एक नाही, दोन बाटल्या घेतल्या!"

टाळ्या. माझ्या शेजारच्या शिक्षिकेने डोळे पुसले.

त्या बाईचं नाव बेबीताई. ती लसूण-मिरच्या घेऊन बसायची. किशोरदादाने फिनाइल भरायला बाटल्या आणल्या होत्या त्या देशी दारूच्या दुकानामागून, फुकट मिळाल्या म्हणून. धुऊन चकचकीत केलेल्या. उलट्या बाजाराला तो तिच्यासमोर उभा राहिला, मागे सगळा वर्ग, आणि विचारलं, काहून घेतली नाही? बेबीताईने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"अरे बाप्पा, पव्वा हाय थो! घरात ठेवला अन् रात्री आमच्या मालकाच्या हाती लागला त सरळ तोंडाले लावन थो. मंग माह्या कपायाचं कुकू तू आनून देशीन का?"

आसपासचे सगळे हसले. वर्गही हसला. किशोरदादाचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गप्प राहिला. पुढच्या बाजाराला त्याचं फिनाइल तेलाच्या चपट्या डब्यांत होतं. बेबीताईने तेव्हाही घेतलं नाही, पण शेजारणीला म्हणाली, "आता घे, आता काही भेव नाही." त्या डब्यांवरच त्याचं सगळं पुढचं उभं राहिलं.

यातलं काहीच स्टेजवर आलं नाही. दारूची बाटली नाही, बेबीताईची भीती नाही, लाल कान नाहीत. उरलं काय, तर एक हट्टी पोरगा आणि शेवटी नमलेली एक बाई.

"आता आपण मनकर्णा पद्धतीचं प्रात्यक्षिक पाहू," किशोरदादा म्हणाला. "तीन नकारांचा सराव. तुम्ही तुमच्या वर्गात हाच घ्यायचा. गिऱ्हाईक तीन वेळा नाही म्हणेल, विद्यार्थी प्रत्येक वेळी नवा मुद्दा मांडेल, आणि तिसऱ्यानंतर सौदा पक्का. आणि आजचं गिऱ्हाईक आहे, खुद्द मॅडमची लेक!"

नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. समोर आली गीतांजली, चांदूर रेल्वेची, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. एवढ्या उकाड्यात तिला काळा कोट घालायला लावला होता. हातात संत्र्याच्या सालीच्या साबणाची वडी.

"नमस्कार मॅडम! तुम्ही तुमच्या त्वचेची काळजी घेता का?"

"नको."

सभागृह हसलं. गीतांजलीही हसली, पाठ केल्यासारखी.

"मॅडम, हा साबण शंभर टक्के नैसर्गिक आहे. आपल्या मातीतल्या संत्र्यांपासून..."

"नको, बाई."

"आजच्या आज घेतला तर एकावर एक मोफत!"

मी तिसऱ्यांदा नको म्हटलं. कडेला उभ्या असलेल्या किशोरदादाने तीन बोटं वर केली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. आता हो.

"नको," मी पुन्हा म्हटलं.

गीतांजलीचं पाठांतर तिथं संपत होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आता तुम्हाले घ्यायचा असते."

"कोणी सांगितलं?"

"सरनं."

पुन्हा हशा. किशोरदादा जवळ येऊन वाकला. "हो म्हन न वो पौर्णिमा. लोकं जेवाचे थांबले हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. चारचौघांत मी वऱ्हाडी बोलत नाही. ग्रंथालयात नोकरी करता करता ती माझ्या तोंडातून गेली, आणि आईला त्याचा राग होता. पण त्या पोरीशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलावं ते मला सुचेना.

"तुले मले काही विचारायचं नाही का?"

"काय विचारू?"

"मी काहून नाही म्हणून राहिली, थे."

तिने सरांकडे पाहिलं. मग कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"काहून?"

"वडी मोठी हाय," मी म्हटलं. "माह्या आईचे बोटं मिटत नव्हते आखरीले. साबन हातातून निसटे. मोरीत पडला का तिले वाकता येत नव्हतं, अन् मले हाक माराची तिले लाज वाटे. तशीच ओल्या आंगानं बसून राहे. मंग मी सुरीनं वडीचे तुकडे करून ठेवाले लागली. तुही वडी त माह्याच मुठीत मावत नाही."

तिने हातातली वडी उलटीपालटी करून पाहिली.

"लहान करून आनली त?" गीतांजलीने विचारलं. "मंग घ्यान?"

"आता घरी लागनारं कोनी नाही."

तिने वडी टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधले. बोलण्यासारखं काही नाही, हे तिला कोणी न शिकवता कळलं होतं.

ते किशोरदादाला कळलं नाही. त्याने माइक घेतला.

"पाहा! हेच सांगतो मी! भावना! गिऱ्हाइकानं आपल्याला भावना दिली. इथं थांबायचं नाही. इथं चौथा प्रयत्न. 'मॅडम, आईच्या आठवणीसाठी एक वडी ठेवा.' सौदा पक्का! मनकर्णा मॅडमनं हेच शिकवलं आपल्याला."

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी ते टिपून घेतलं. उद्यापासून वेगवेगळ्या गावांत हे शिकवलं जाणार होतं. दारात उभ्या राहिलेल्या कुठल्याशा पोराला कोणी सांगेल, 'माझी आई गेली', आणि त्या पोराला ती संधी वाटेल.

मी ओरडले नाही. आमच्या घरी ओरडायची पद्धत नव्हती. आई रागावली की आवाज खाली जायचा. फलकाजवळ गेल्यावर निवेदिकेने दोरी माझ्या हातात दिली, फोटो काढणारे पुढे सरसावले. मी ती दोरी सोडली आणि निवेदिकेच्या हातातला माइक घेतला.

"पडद्यावरचं वाक्य माझ्या आईचं नाही. ती बाई फिनाइल घेत नव्हती, कारण बाटली दारूची होती आणि तिला नवऱ्याची काळजी होती. माझ्या आईने किशोरदादाला परत पाठवलं ते तिचं म्हणणं ऐकायला, तिला पटवायला नाही. त्या बाईने ते कधीच विकत घेतलं नाही. मी तिथे होते. हे वाक्य इथे आहे तोपर्यंत माझ्या आईचं नाव इथे नको."

माइक परत दिला आणि जिन्याकडे निघाले. किशोरदादा धावत आला. जिन्यात त्याने मला गाठलं, आणि त्याची धुतलेली भाषा क्षणात गळून पडली.

"माही बेइज्जती केली तू. साऱ्यायच्या समोर."

"वाक्य काढ."

"नाही निंघत. सारं छापून झालं."

"मग नाव काढ."

"तू कोन वो नाव काढनारी? मॅडम काय एकट्या तुह्याच होत्या?"

याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा एकदाही आला नव्हता. पण सतरा वर्षांच्या किशोरला आईने जेवढं दिलं तेवढं मलाही दिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "दोन्हीपैकी एक काढ." तो म्हणाला, "नाही." मी निघाले.

एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात त्याला झोडपत होते. वाक्यं कशी धारदार सुचत होती. इतकी वर्षं वाचलेली सगळी पुस्तकं माझ्या बाजूने उभी राहिली होती. मूर्तिजापूर आलं, गाडी थांबली, बाजाराच्या बाजूने बाया टोपल्या घेऊन चढल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मीही एक वस्तू नेली होती, माझं म्हणणं, आणि समोरच्याने ती नाकारली होती.

चूक कोणाची, हे आईच्या नियमात कुठंच नव्हतं. कोणी नाही म्हटलं, एवढंच होतं.

मला त्याच्याकडे परत जायचं नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. गेले ते समंजसपणा म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात रजा टाकून अमरावतीला गेले, ते एवढ्यासाठी, की तो आईचं नाव घेऊन आईचा नियम मोडत होता आणि मलाही तो मोडायचा नव्हता.

फलकावर कापड तसंच होतं. किशोरदादा त्याच्या खोलीत एकटाच होता. मला पाहून खुर्चीत सरसावला.

"काय आनलं? वकिलाची नोटीस?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "काही नाही आनलं. मागच्या वेळी तू नाही म्हणाला. काहून, थे विचाराले आली."

त्याला लगेच कळलं. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्याने दाराकडे पाहिलं, जणू वर्ग मागे उभा आहे.

"ऐकाले शिकवतो म्हटलं त कोनी येत नाही," तो म्हणाला. "जिंकाले शिकवतो म्हटलं का हॉल भरते. कॉलेजवाल्यायले स्टेज पायजे, मायबापायले पोरगं टाळ्या घेतांनी पायजे. आज कोन्ता मास्तर पोट्ट्यायले घेऊन बाजारात उन्हात उभा रायते? सांग न."

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. मी तोंड उघडलं नाही.

तो थांबला. मी काही बोलेन म्हणून वाट पाहिली. मग पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"खरं सांगू? त्या दिवशी बाजारात मी जेवढा लहान झालो, तेवढा जिंदगीत कधी झालो नाही. सारे हासून राह्यले होते. माहा बाप कसा होता, माह्यित हाय न तुले? त्या बाटल्या दुकानामागून नाही आनल्या मी. घरातल्या होत्या. मॅडमले माह्यित होतं. तरी खांद्यावर हात ठेवला अन् मले बोलू नाही देल्लं." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तवापासून थ्या बाईले रोज पटवतो मी. रोज दोन बाटल्या इकतो तिले. स्टेजवर इकतो त खरं वाटते."

बाहेर कॉलेज सुटल्याचा गोंगाट झाला आणि शमला.

"बोल न आता," तो म्हणाला. "तुही पाळी."

"नाही. आज फक्त ऐकाचं असते."

"काय ऐकलं मंग?"

मी त्याचंच वाक्य त्याला परत म्हटलं, जसंच्या तसं. "थ्या बाईले रोज पटवतो मी. रोज दोन बाटल्या इकतो तिले."

मी उठले तेव्हा तो म्हणाला, "वाक्य राहीन. त्यावरच चालते माहं. नाव काढतो."

"बरं," मी म्हटलं.

त्याने शिपायाला हाक मारली. चंद्रभान नावाचा तो माणूस स्टूल घेऊन आला आणि स्क्रू काढू लागला. मी तिथंच उभी राहिले, शेवटचा स्क्रू निघेपर्यंत. फलक खाली आला तेव्हा म्हटलं, "हा मी नेते." कोणी हरकत घेतली नाही.

परतीच्या गाडीत तो मला गुडघ्यांमध्ये उभा धरावा लागला. केशरी कापड मी काढलं नव्हतं. राग गेला असेल असं कोणाला वाटत असेल तर तो गेला नव्हता. ते वाक्य अजून त्या पडद्यावर आहे. गीतांजलीसारख्या पोरींना काळे कोट घालून तेच पाठ करायला लावतील, आणि एखाद्या घरी, एखाद्या मुलीला, तिच्या मेलेल्या आईच्या नावाने काहीतरी विकतील. फरक एवढाच की आता ते किशोरदादा स्वतःच्या नावाने करेल.

त्यात एक नवा राग मिसळला होता आणि तो आईवर होता. तुला माहीत होतं. बाटल्या कुठून आल्या ते तुला माहीत होतं, तर तू त्याला त्या बाईपुढे, सगळ्या वर्गासमोर का उभं केलंस? तो बोलणार होता. काय बोलणार होता, ते तुला ऐकायचं नव्हतं का? एवढी ऐकण्यावर श्रद्धा असलेली बाई तू, त्या एका पोराचं तोंड तू हाताने बंद केलंस.

हे तिच्याकडे जाऊन, रिकाम्या हातांनी उभं राहून विचारायचं होतं. तिने सांगितलेलं मी ऐकलं असतं. मध्ये बोलले नसते.

मूर्तिजापूरला एक म्हातारी चढली. जागा नव्हती, माझ्या बाजूला टेकली आणि फलकाचा कोपरा तिच्या पोटरीला लागला.

"काय होय वो हे एवढं मोठं?"

"पाटी आहे, माय. माझ्या आईच्या नावाची."

"मंग गुडघ्यात काहून धरली? भिंतीले लाव न."

मी कोपरा माझ्या बाजूला ओढून घेतला आणि तिला नीट बसायला जागा करून दिली.